वाहत्या टाकीचा वस्तुपाठ

शाळेच्या वार्षिकांत पाण्याविषयीं लेख म्हटला म्हणजे नदी, पाऊस, समुद्र किंवा निदान विहिरीवरील मोट यांपैकीं कांहींतरी वाचावयास मिळेल, अशी वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. आम्ही मात्र आज वाचकांना शौचालयांत नेणार आहों, आणि तेंही तेथील भांड्याच्या मागें भिंतीस लावलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत. विषय ऐकून कोणी नाक मुरडील, तर त्यास आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यानें लेख शेवटपर्यंत वाचावा, आणि मग नाक मुरडावयाचें कीं बाह्या सरसावयाच्या हें ठरवावें.

गेल्या एप्रिल महिन्यांत आमच्या वसतिगृहांत पाण्याची मोठी टंचाई भासूं लागली. विहीर आटत चालली, टँकर एक दिवसाआड येऊं लागला, आणि अखेर प्रत्येक विद्यार्थ्यास स्नानासाठीं अर्धी बादली पाणी असा नियम करावा लागला. मुलांनीं कुरकुर न करतां तो पाळला. अशा त्या दिवसांत एके रात्रीं, सर्वत्र निजानीज झाल्यावर, आम्ही खोल्यांची पाहणी करीत असतां खालच्या मजल्यावरील शौचालयांतून बारीक, अखंड असा आवाज कानीं आला. दिवसां मुलांच्या गलबल्यांत तो कोणासही ऐकूं येत नसे. आंत जाऊन पाहतों तों भांड्याच्या मागील बाजूवरून कागदासारख्या पातळ थरानें पाणी खालीं उतरत होतें; वरील टाकींत नळाची धार चालूच होती, पण टाकी कांहीं भरत नव्हती. ज्या घरीं मुलें अर्ध्या बादलींत स्नान करीत होतीं, त्याच घरीं रात्रंदिवस स्वच्छ पाणी गटारांत जात होतें. आणि तें किती दिवसांपासून जात होतें, हें आम्हां कोणासही सांगतां येईना.

दुसऱ्या दिवशीं नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्हीं त्या टाकीपुढेंच पाठ घेतला. तो येथें देत आहों. कारण तशीच टाकी पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल, आणि ती बिघडल्यास तिचा दोषही बहुधा याच प्रकारचा असेल.

टाकीची रचना

टाकीचें झांकण काढून आंत डोकावलें म्हणजे मुख्य यंत्रें दोनच दिसतात. एक पाणी आंत घेणारें व दुसरें तें बाहेर सोडणारें.

पाणी आंत घेणाऱ्या यंत्रास बॉल कॉक म्हणतात. एका आडव्या दांडीच्या टोंकास पोकळ गोळा असतो. दुसऱ्या टोंकाशीं नळाचें बारीक तोंड व तें बंद करणारा रबराचा वायसर असतो. टाकींतील पाणी चढूं लागलें कीं गोळा तरंगत वर येतो, दांडी फिरते, आणि वायसर नळाच्या तोंडावर दाबला जातो. येथें पदार्थविज्ञानाचे दोन नियम हातांत हात घालून काम करतात. गोळा जेवढें पाणी बाजूस सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्यास वर उचलतो, हा आर्किमिडीजचा नियम. आणि तो जोर दांडीच्या लांबीमुळें कित्येक पटींनीं वाढतो, हा तरफेचा नियम. समजा, गोळ्यानें अर्धा लिटर पाणी बाजूस सारलें. गोळ्याचें स्वतःचें अल्प वजन सोडून दिलें, तर वर उचलणारा जोर अर्धा किलो वजनाइतका झाला. आतां टेकूपासून गोळा २४ सेंटिमीटरांवर व वायसर २ सेंटिमीटरांवर असेल, तर वायसरावर तोच जोर १२ पट, म्हणजे ६ किलो वजनाइतका पडतो. एवढ्याशा पोकळ गोळ्यास नळाच्या पाण्याचा दाब रोखतां येतो, तो या युक्तीनें. अलीकडील कांहीं टाक्यांत लांब दांडीऐवजीं उभ्या खांबावर वरखालीं सरकणारा डबा असतो. पण पाण्यानें तरंगता भाग उचलावा व त्यानें नळ बंद करावा, हें तत्त्व तेंच.

पाणी बाहेर सोडणारें यंत्र टाकीच्या तळाशीं असतें. तळाच्या भोंकावर एक झडप बसविलेली असून तिच्या खालीं रबराची गोल चकती असते. झांकणावरील बटण दाबलें कीं झडप उचलली जाते व पाणी वेगानें भांड्यांत उतरतें. टाकी रिकामी झाली कीं झडप पुन्हा खालीं बसते, आणि मग वर भरणारें पाणीच तिला दाबून धरतें. याच झडपेशेजारीं किंवा तिच्या मध्यभागीं एक उभी पोकळ नळी असते. तिला ओव्हरफ्लो म्हणतात. बॉल कॉक बिघडून पाणी प्रमाणाबाहेर चढलें, तर तें जमिनीवर न सांडतां या नळीवाटे भांड्यांत जावें, अशी ती सोय आहे.

सोय चांगली खरी, पण तिच्यांतच एक धोका लपलेला आहे. जमिनीवर सांडलेलें पाणी सर्वांच्या पायांस लागतें आणि घरांत लगेच आरडाओरड होते. भांड्यांत गुपचूप गेलेल्या पाण्याची मात्र कोणास वार्ताही नसते.

हा धोका पूर्वींच्या लोकांनीं ओळखला होता. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत शहरांना नळाचें पाणी मिळूं लागल्यावर झडपांतून होणाऱ्या गळतीची चिंता उत्पन्न झाली, आणि तेथें तळाशीं झडपच नसलेली टाकी रूढ झाली. तिच्यांत वक्रनलिका असे. सांखळी ओढली कीं थोडें पाणी नळीच्या वांकावरून पलीकडे पडे, व आपल्यामागून टाकींतील सारें पाणी ओढून नेई. सांखळी न ओढल्यास पाण्यास तो वांक चढून जातां येत नसे. ‘पाण्याची नासाडी टाळणारी’ अशाच अर्थाचें नांव त्या टाकीस होतें. शिवाय ओव्हरफ्लोची नळी भिंतींतून थेट बाहेर काढीत. त्यामुळें बॉल कॉक बिघडतांच भिंतीबाहेर पडणारी धार येणाऱ्याजाणाऱ्यासही दिसे. ब्रिटनमध्यें झडपेच्या टाक्यांना नव्या नियमांनीं पुन्हा मुभा मिळाली, ती २००१ सालापासून. आपल्याकडील जुन्या इमारतींत उंचावर बसविलेली बिडाची टाकी व तिची लोंबती सांखळी कित्येक पालकांना आठवत असेल. तीही वक्रनलिकेच्याच तत्त्वावर चाले.

झडपेची टाकी वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ती हलक्या हातानें चालते, आणि तिला लहानमोठीं दोन बटणें असल्यास थोड्या पाण्यांत काम भागतें. मात्र तिची गळती आपण होऊन दिसत नाहीं. ती शोधावी लागते.

दोष ओळखणें

वाहत्या टाकीचे दोष दोन जातींचे असतात: वरून वाहणें व खालून गळणें. दोहोंचा आवाज सारखाच असल्यामुळें नुसत्या कानांवर भिस्त ठेवूं नये.

प्रथम झांकण काढून पाण्याची पातळी पाहावी. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढून त्यांत उतरत असेल, तर दोष बॉल कॉकचा. पातळी त्या तोंडाच्या बरीच खालीं असूनही भांड्यांत पाणी येत असेल, तर दोष तळच्या झडपेचा. गळती फारच सूक्ष्म असून डोळ्यांस दिसत नसेल, तर टाकींतील पाण्यांत कपड्यांच्या निळीचे पांचसहा थेंब टाकावे आणि अर्धा तास बटणास हात लावूं नये. पाणी ओव्हरफ्लोच्या खालीं असूनही भांड्यांतील पाण्यास निळा रंग चढला, तर झडप गळत आहे असें निश्चित समजावें.

आमच्या टाकींत निळीचे थेंब टाकले, तों पांच मिनिटांच्या आंतच भांडें निळें झालें. मुलांस मोठी गंमत वाटली. परंतु गळती आहे एवढें समजून भागत नाहीं. ती किती आहे हेंही समजावयास हवें. म्हणून टाकीखालील अँगल कॉक बंद केला, टाकीच्या आंतील भिंतीवर पाण्याच्या पातळीशीं पेन्सिलीची रेघ ओढली, आणि घड्याळ लावून बसलों. ६ मिनिटांत पाणी अडीच सेंटिमीटर उतरलें. टाकीची आंतील लांबी ४० व रुंदी १५ सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर झालें, आणि त्यास अडीचनें गुणिलें कीं १५०० घन सेंटिमीटर, अर्थात् दीड लिटर. मिनिटास पाव लिटर, तासास १५ लिटर, आणि अहोरात्रींत ३६० लिटर! पातळी उतरते तसा गळतीचा वेग किंचित् कमी होतो, म्हणून हा हिशेब अगदीं काटेकोर नव्हे. पण नळ चालू असतां पातळी उतरत नसते, तेव्हां खरा आंकडा याहून थोडा अधिकच भरेल.

मुलांनीं लगेच पुढचा हिशेब केला. आमची बादली १५ लिटरांची. अर्धी बादली म्हणजे साडेसात लिटर. ३६० लिटरांत ४८ मुलांचें स्नान होतें. वर्गांत क्षणभर कोणी बोलेना.

शहरांतील गटारांची सोय असलेल्या घरीं माणशीं दररोज १३५ लिटर पाणी असावें, असें आपल्या देशांतील नगररचनेचें प्रमाण आहे. आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील घरीं माणशीं ५५ लिटर हें लक्ष्य ठरविलें. या दुसऱ्या मापानें पाहतां ती एकटी टाकी साडेसहा माणसांचें पाणी पीत होती.

आमच्या वर्गांत लातूरकडील एक विद्यार्थी आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत त्या शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून रेल्वेनें पाणी नेलें होतें. त्या वेळीं तो अगदीं लहान होता. पण रात्रीबेरात्रीं रिकाम्या घागरी घेऊन रांगेंत उभें राहण्याच्या गोष्टी त्यानें घरीं ऐकल्या आहेत. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें होतें. त्यानें फळ्यावर ३६० ला ३६५ नीं गुणिलें, तेव्हां उत्तर आलें १,३१,४००. त्यास चारानें गुणून तो म्हणाला, “गुरुजी, अशा चार टाक्या वर्षभर गळल्या तर ती सबंध गाडी गेली.” या वाक्यावर आम्हांस अधिक कांहीं सांगावें लागलें नाहीं.

दुरुस्ती

तथापि टाकींत हात कोण घालणार, असें विचारतांच पुन्हा शांतता पसरली. शौचालयाचें काम हलक्यांचें, ही समजूत आपल्या समाजांत इतकी खोल गेली आहे कीं, टाकींतील पाणी पिण्याच्या नळाइतकेंच स्वच्छ असतें व भांड्यांत उतरल्यावरच तें मलिन होतें, हें डोळ्यांसमोर दिसूनही हात पुढें होत नाहीं. आम्हीं मुलांस अप्पासाहेब पटवर्धनांची हकीकत सांगितली. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां, भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी त्यांनीं मागणी केली व ती नाकारली गेल्यामुळें अन्न कमी केलें. त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनींही उपवास आरंभिला. जें काम करावयास मिळावें म्हणून अशा माणसांनीं अन्न सोडलें, त्याच्या मानानें स्वच्छ पाण्यांतील एक चकती पुसणें तें काय! लातूरकडील तोच मुलगा बाह्या वर करून पुढें आला. त्याच्यामागून मग सारेच आले.

कामाचा क्रम असा. प्रथम टाकीखालील अँगल कॉक बंद करावा. तो जुना असून फिरत नसेल, तर त्यावर जोर करूं नये. इमारतीच्या नळाची मुख्य चावी बंद करावी. टाकीचें झांकण चिनी मातीचें असल्यास तें उचलून जमिनीवर कापडावर आडवें ठेवावें; भिंतीस टेकून ठेवलेलें झांकण घसरून फुटतें. नंतर बटण दाबून टाकी रिकामी करावी.

पाणी वरून वाहत असेल, तर बॉल कॉक तपासावा. हातानें गोळा वर उचलला असतां धार थांबते काय हें पाहावें. यासाठीं अँगल कॉक थोडा उघडावा लागेल. धार थांबली, तर वायसर ठीक आहे, गोळा मात्र फार उंचावर बसविला आहे; दांडीवरील स्क्रू फिरवून, आणि दांडी पितळेची असल्यास ती हलकेंच खालीं वांकवून, पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या सुमारें अडीच सेंटिमीटर खालीं थांबेल असें करावें. गोळा काढून कानाशीं हालवावा. आंत पाणी खळखळलें, तर तो फुटला आहे व बदलला पाहिजे. तो टाकीच्या भिंतीस घासत नाहीं ना, हेंही पाहावें. गोळा पूर्ण उचलूनही धार न थांबल्यास वायसर झिजला आहे किंवा त्याखालीं रेतीचा कण अडकला आहे, असें समजावें. दिवसां ठीक असलेली टाकी रात्रीं वाहूं लागली, तर तेंही नवल नव्हे. नळ थेट रस्त्यावरील जलवाहिनीस जोडला असेल, तेथें रात्रीं पाण्याचा वापर घटतो, दाब वाढतो, आणि अशक्त झालेल्या वायसरास तो पेलत नाहीं.

पाणी खालून गळत असेल, तर झडप बाहेर काढावी. पुष्कळ नव्या टाक्यांत ती थोडी फिरवितांच सुटून वर येते. तिची रबरी चकती बोटानें तपासावी. चकती शाबूत असून तिच्यावर चिकट थर बसला असेल, तर ती स्वच्छ पाण्यानें धुवावी. ती कडक झाली असेल किंवा तिच्यावर खांच पडली असेल, तर नवी आणावी. नवी मिळेपर्यंत तीच उलटी करून बसविल्यास कांहीं दिवस निभावतें. नवी चकती घ्यावयास जातांना जुनी बरोबर न्यावी, कारण मापें अनेक असतात. ज्या कांठावर चकती बसते तो कांठही बोटानें चांचपावा. जेथें बोअरचें जड पाणी आहे, तेथें कांठावर कॅल्शियम कार्बोनेटाचे खवले जमतात, व त्यांतून पाण्यास वाट मिळते. लिंबाच्या रसांत किंवा व्हिनेगरांत कापड भिजवून त्यावर ठेवावें; आम्लाच्या योगानें कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे निघून क्षार विरघळतो. प्रयोगशाळेंत खडूवर करून दाखवितात तोच हा प्रयोग. तीव्र आम्ल मात्र टाकींत कधींही ओतूं नये; तें धातूचे भाग खातें, आणि ब्लीचिंग पावडरीशीं मिसळल्यास त्यापासून विषारी क्लोरीन वायू निघतो. टाकींत टाकावयाच्या क्लोरीनयुक्त वड्यांनींही रबर लवकर खराब होतें.

आमच्या टाकीचा दोष हाच होता: कांठावर खवले आणि चकतीवर एक बारीकशी खांच. नवी चकती एका वहीच्या किमतीत आली, आणि सर्व काम एका तासिकेंत आटोपलें. झडप बसवून पाणी सोडलें, पुन्हा निळीचे थेंब टाकले, पुन्हा पेन्सिलीची रेघ ओढली. अर्ध्या तासानें पाणी रेघेवरच होतें, व भांड्यांतील पाणी स्वच्छ होतें. ही फेरतपासणी केल्यावांचून दुरुस्ती पुरी झाली असें कोणीही समजूं नये. टाकीस तडा गेला असेल, अथवा टाकी व भांडें यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल, तर मात्र तें काम नळकाम करणाऱ्या कारागिराचें आहे, त्यास बोलवावें.

एवढ्यानें वसतिगृहांतील टंचाई संपली, असें म्हणणें खोटें होईल. टँकर पाऊस पडेपर्यंत येतच होता. पण त्या आठवड्यापासून लहान वर्गांतील मुलांना अर्ध्याऐवजीं पाऊण बादली पाणी देतां आलें, आणि तें पाणी कोठून आलें हें त्यांस ठाऊक होतें. तेव्हांपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं दोन विद्यार्थी निळीची बाटली घेऊन सर्व टाक्या तपासतात, आणि तारीख व निकाल एका वहींत लिहून ठेवतात.

पालकांस आमची विनंती आहे कीं, हा अंक हातांत पडेल त्या रात्रीं, घर शांत झाल्यावर, त्यांनीं आपल्या मुलास बरोबर घेऊन घरच्या टाकींत निळीचे थेंब टाकावे. दोष नाहीं असें ठरलें तर उत्तमच. दोष सांपडला, तर मुलाच्या हातूनच तो दूर करवावा. पांच भाकरी व दोन मासे यांच्या गोष्टींत हजारों लोक जेवून तृप्त झाल्यावरही उरलेले तुकडे वायां जाऊं दिले नाहींत. ते गोळा केले, तेव्हां बारा टोपल्या भरल्या. ज्यानें एवढें अन्न पुरविलें त्यास तुकड्यांची उणीव नव्हती. तरीही ते वेंचून घेण्याची आज्ञा त्यानेंच केली. आपल्याकडे तर पाणी पुरून उरत नाहीं. मग त्याचे थेंब आपण किती जपले पाहिजेत!